घरातलं कॅलेंडर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकच कसं ठेवायचं?

प्रश्न (कोथरूडच्या वाचक): घरच्या डेस्कटॉपवर थंडरबर्ड (ईमेल आणि कॅलेंडरचं सॉफ्टवेअर) आहे, मिस्टरांकडे मॅक, सासूबाईंकडे अँड्रॉइड मोबाईल. मुलाच्या परीक्षा, गुरुवारी पाणी बंद, सासऱ्यांची डॉक्टरची अपॉइंटमेंट असं सगळं मी गूगल कॅलेंडरमध्ये टाकलं आणि आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) काढून दोन्ही कॉम्प्युटरवर इम्पोर्ट केली. पण मी तारीख बदलली तरी तिकडे जुनीच दिसते. आणि तिथीने येणाऱ्या गोष्टींचं काय करायचं?

उत्तर: ताई, इम्पोर्ट म्हणजे त्या दिवशीची झेरॉक्स, मूळ कागदावर खाडाखोड केली तरी झेरॉक्सवर कशी उमटणार? त्या इम्पोर्ट केलेल्या नोंदी आधी काढून टाका, नाहीतर सगळं दोनदोनदा दिसेल. मग कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून गूगल कॅलेंडर उघडून 'घर' नावाचं नवीन कॅलेंडर बनवा, तुमचं स्वतःचं आहे ते वेगळंच राहू दे. त्याच्या सेटिंग्ज अँड शेअरिंगमध्ये जाऊन प्रत्येकाचा ईमेल टाका आणि 'मेक चेंजेस टू इव्हेंट्स' ही परवानगी द्या. त्यांना मेल येईल, त्यातल्या लिंकवर क्लिक करून कॅलेंडर अ‍ॅड करायला सांगा, बरेच जण तिथेच अडकतात. आणि प्लीज, एकच पासवर्ड घरभर वाटू नका, ज्याचं त्याचं लॉगिन हवं.

थंडरबर्डमध्ये न्यू कॅलेंडर, मग 'ऑन द नेटवर्क' निवडून जीमेल पत्ता टाका. हे कॅलडॅव्ह नावाच्या कॅलेंडर जुळवायच्या पद्धतीवर चालतं, म्हणजे इकडे बदललं की तिकडे आणि तिकडचं इकडे. आयसीएसची नुसती लिंक सबस्क्राइब केली तर फक्त बघता येतं, बदलता येत नाही. मॅकवर गूगल अकाउंट जोडूनही 'घर' दिसत नसेल तर गूगलच्या सिंक सेटिंगच्या वेगळ्या पानावर जाऊन त्यापुढे टिक करावी लागते.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, नोटिफिकेशन प्रत्येकाचं वेगळं असतं. तुम्ही एक तास आधीचं लावलंत म्हणून सासूबाईंचा फोन वाजणार नाही, त्यांच्या मोबाईलमध्ये बसून 'घर'साठी ते लावून द्या.

तिथीला 'दरवर्षी रिपीट' लावू नका, ते इंग्रजी तारखेने चालतं. गणेश चतुर्थीच बघा ना, 2024 ला 7 सप्टेंबर, 2025 ला 27 ऑगस्ट, 2026 ला 14 सप्टेंबर. वाढदिवस, श्राद्ध वगैरे तिथीने करत असाल तर नवीन पंचांग आलं की वर्षाचं एकदाच बसून भरून टाका, दुसरा सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.

मिस्टरांचा मॅक ऑफिसने दिलेला असेल तर घरचं अकाउंट जोडायच्या आधी त्यांच्या आयटीवाल्यांना विचारू दे, नाही म्हणाले तर मोबाईलवर बघायचं.