तोंडातील बुरशीची झटपट चाचणी आणि कवळी

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची असून ती पूर्ण कवळी वापरते. तिचा टाळू लाल झाल्याचे पाहून दंतवैद्यांनी तेथून फाया फिरवला, दवाखान्यातच चाचणी केली आणि काही मिनिटांत ‘कॅन्डिडा आहे’ असे सांगितले. तिला वेदना मुळीच नाहीत. एवढ्या लवकर आलेल्या निष्कर्षावर औषध सुरू करावे का?

उत्तर : चाचणी झटपट झाली म्हणून तिच्यावर शंका घेऊ नये, पण कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडातही काहीही त्रास न देता राहत असल्यामुळे, ‘ती आहे’ एवढ्यावरून आजार ठरत नाही. आपल्या आईच्या बाबतीत निर्णयाला खरे वजन येते ते कवळीखालच्या लालीमुळे. कवळीमुळे टाळूला येणारी सूज बहुधा दुखतच नाही, त्यामुळे वेदना नाहीत यावरून निश्चिंत होऊ नये.

फाया पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलेल्या काचपट्टीवर घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल, तर बुरशीचे लांब तंतू दिसले का, हे अवश्य विचारा. हे द्रावण तोंडातील पेशी विरघळवते आणि बुरशी तेवढी शिल्लक ठेवते. तंतू दिसले तर संसर्गाची शक्यता बळावते. मात्र कॅन्डिडा ग्लॅब्राटा ही कॅन्डिडाची जात तंतू बनवत नाही आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक औषधालाही अनेकदा दाद देत नाही. म्हणून औषधाने फरक पडला नाही किंवा त्रास पुन्हा उद्भवला, तर प्रयोगशाळेत संवर्धन करून (म्हणजे बुरशी वाढवून) तिची जात ओळखून घ्यावी. त्याला साधारण २४ ते ४८ तास लागतात, कधी त्याहूनही अधिक. फाया टाळूबरोबरच कवळीच्या आतल्या बाजूवरूनही घ्यायला हवा, कारण बुरशीचा खरा मुक्काम बहुधा तेथेच असतो (आणि नेमके हेच राहून जाते).

त्यामुळे नुसत्या औषधाने काम भागत नाही. कवळी रात्री काढून ठेवणे, रोज ब्रशने घासणे आणि ती सैल झाली असल्यास दुरुस्त करून घेणे हे उपचाराचेच भाग आहेत. मधुमेह, तोंडाचा कोरडेपणा किंवा स्टेरॉइडचा इनहेलर असल्यास दंतवैद्यांना सांगा. आई वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर तेही आधीच सांगा. मायकोनॅझोल या बुरशीनाशकाची तोंडात लावण्याची जेलदेखील वॉरफरिनचा परिणाम धोकादायकरीत्या वाढवते.