टँकरचा नंबर वाचणाऱ्या मुलीला कुठल्या लाइनला घालायचं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे कुडचड्याला घरामागूनच रेल्वे जाते, मुलगी टी. वाय. बीएस्सीला केमिस्ट्री घेऊन आहे, रस्त्यावर टँकर दिसला की मागचा चार आकडी नंबर वाचून आत काय भरलंय ते सांगते आणि आता म्हणते की मला रेल्वे यार्डात धोकादायक मालाच्या सेफ्टीचं काम करायचंय. काका म्हणतात बीएड कर. आणि तुमचा प्रश्न असा की अशी नोकरी खरंच असते का, आणि असली तरी मुलीने ती करावी का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. खुशाल करू दे. पहिल्याचं जरा लांब आहे.

रेल्वेच्या जाहिरातीत या नावाची पोस्ट शोधायला गेलात तर मिळणार नाही, कारण हे काम चार-पाच जणांत वाटलेलं असतं. गाडी कुठे उभी करायची ते स्टेशन मास्तर बघतो, वॅगनची चाकं-ब्रेक कॅरेज अँड वॅगनवाले बघतात, आग लागली तर फायरवाले येतात आणि टँक भरायचं-रिकामं करायचं काम तेल, गॅस, खताच्या कंपन्यांच्या सायडिंगवर, म्हणजे मुख्य रुळांपासून फुटून कंपनीत जाणाऱ्या फाट्यावर चालतं, तिथे कंपनीचा सेफ्टी ऑफिसर असतो. गडबड होते ती या सगळ्यांच्या मध्ये जी फट असते ना, तिथे.

उदाहरण सांगतो, तिलाही वाचून दाखवा. ६ जुलै २०१३, कॅनडातलं लाक-मेगांतिक गाव. कच्च्या तेलाच्या ७२ टँक वॅगनची गाडी जवळच्या उतारावर रात्री एकटीच उभी करून ड्रायव्हर झोपायला गेला. इंजिनाला आग लागली, फायरवाले आले, त्यांनी आग विझवली आणि इंजिन बंद केलं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने सगळं बरोबर केलं. पण इंजिन बंद झाल्यावर ब्रेकमधली हवा हळूहळू उतरली, हँडब्रेक लावले होते फक्त सात, ते पुरले नाहीत, गाडी घरंगळत गावात शिरली आणि ४७ माणसं गेली. आग आणि ब्रेक दोन्ही समजणारं माणूस त्या रात्री तिथे उभं असतं तर? तुमच्या मुलीला व्हायचंय ते हेच माणूस, फक्त तिला अजून ते नीट शब्दांत सांगता येत नाहीये. आणि आपल्याकडे असं होत नाही म्हणू नका, फेब्रुवारी २०२४ मध्ये जम्मूच्या कठुआहून ५३ वॅगनची मालगाडी ड्रायव्हरशिवाय सुटून सत्तरेक किलोमीटर पंजाबात जाऊन थांबली, नशीब की कोणाला काही झालं नाही.

गोव्यात तर हा विषय दारातच आहे. २०१८ च्या जानेवारीत चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा लोकांना मध्यरात्री घरं सोडून पळावं लागलं, तुम्हाला आठवत असेल. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण गळताना इतका थंड असतो की ढग करून जमिनीलगत सरकतो, म्हणून वारा कुठला ते बघून आडव्या दिशेने नाहीतर वाऱ्याच्या उगमाकडे पळायचं. एका कंपनीच्या मॉक ड्रिलला मी पाहुणा म्हणून गेलो होतो, भोंगा वाजल्यावर सगळे पळाले ते थेट चहाच्या टपरीकडे, आणि वारा त्याच बाजूला वाहत होता! कागदावर मात्र ड्रिल यशस्वी. यार्डात आणखी एक भानगड, डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून आपल्या पट्ट्यात टँक वॅगनवर चढायचं किंवा पाणी मारायचं तर आधी वरचा करंट बंद करून घ्यायचा, नाहीतर मदत करायला गेलेलाच जायचा.

आता रस्ता. मला विचाराल तर बीएस्सी संपल्यावर लगेच सेफ्टीचा डिप्लोमा नको. आधी एखाद्या प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी धरू दे. सेफ्टी ऑफिसर व्हायला केमिस्ट्री-फिजिक्सवाल्यांना साधारण पाच वर्षं कारखान्यात सुपरवायझरी अनुभव लागतो, इंजिनिअरला दोन, आणि वर इंडस्ट्रियल सेफ्टीचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. तो मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा नावाजलेला आहे. नियमात आणखी एक अट असते, बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी, तेव्हा मराठी-कोकणी-हिंदीवर थांबू नको, वास्कोकडे कन्नडसुद्धा कामाला येईल म्हणून सांगा. आगीकडेच ओढा असेल तर नागपूरचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहे. म्हापसा-फोंड्याच्या स्टँडवर ‘सहा महिन्यांत फायर-सेफ्टी, गल्फची नोकरी पक्की’ असे बोर्ड दिसतील, तिथे पैसे भरायच्या आधी सर्टिफिकेट कोण मानतं ते लेखी मागा, तिथेच बरेचसे गप्प होतात.

थेट रेल्वेत जायचं म्हटलं तर आरआरबीच्या, म्हणजे रेल्वे भरती बोर्डाच्या परीक्षा आहेत, मराठी आणि कोकणीतूनही देता येतात. बीएस्सीवाल्यांना केमिकल अँड मेटलर्जिकल असिस्टंट ही पोस्ट चालते, फिजिक्स-केमिस्ट्री आणि ४५ टक्के लागतात, पण ते मुख्यतः लॅबचं काम. यार्डाचा कंट्रोल हवा तर स्टेशन मास्तर, कुठल्याही पदवीवर. पण तिथे डोळ्यांची मेडिकल कडक, चष्म्याशिवाय दिसायला हवं, रंग ओळखता यायला हवेत. दोन वर्षं अभ्यास करून मेडिकलला गळालेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा काय बोलावं कळत नाही हो.

तेव्हा काकांशी वाद घालण्याआधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, रंगांची टेस्ट पण करून घ्या, आणि पुढच्या पत्रात चष्म्याचा नंबर काय तो कळवा.