पाटल्या गेल्या, मग ही चोरी का नाही?

प्रश्न : आईच्या पाटल्यांचा सांधा निखळला म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये मी त्या गावातल्या एका सराफाकडे झाळायला दिल्या. त्याने वजन लिहून चिठ्ठी दिली. "उद्या या, परवा या" असे दोन महिने चालले आणि मग त्याने त्या दुसरीकडे गहाण टाकल्याचे कळले. पोलीस ठाण्यात "ही चोरी होत नाही" असे सांगून मला परत पाठवले. हे बरोबर आहे का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : ही चोरी नाही, हे खरे, पण तेवढ्यावर आपल्याला परत पाठवणे सर्वस्वी चूक होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे, दुसऱ्याच्या कब्जातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे नेण्याच्या हेतूने जागची हलवली की चोरी होते. पाटल्या आपण स्वतःच्या हाताने दिल्या, म्हणून संमतीचा मुद्दा इथे अडतो. मात्र विश्वासाने सोपवलेली वस्तू स्वतःची असल्यासारखी वापरणे हा कलम 316 खालचा फौजदारी विश्वासघात आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या चोरीच्या पहिल्या शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांची आहे. पाटल्या हातात घेतानाच त्या बुडवायचे सराफाच्या मनात होते असे दिसले, तर ती कलम 318 खालची फसवणूक ठरते, म्हणजे आपण बोलीभाषेत ज्याला चारसोवीसी म्हणतो ती. लबाडी मनात आधी आली की नंतर, यावर हा फरक ठरतो. म्हणूनच एकाच व्यवहाराला ही दोन्ही कलमे एकदम लागू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावले आहे.

तक्रारीत कलम लिहिण्याची जबाबदारी आपली नाही. पाटल्या कधी दिल्या, वजन किती, सराफ काय म्हणाला, गहाण टाकल्याचे कोणाकडून कळले, हे क्रमाने लिहा आणि चिठ्ठीची प्रत जोडा. चिठ्ठीवरची तारीख जपा, कारण न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि त्यापूर्वीच्या कृत्याला जुनी दंडसंहिताच लागते. विश्वासघात दखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचूनही पोलीस त्याचा तपास करू शकतात. तरीही नोंद नाकारली, तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. विश्वासघाताने गेलेली वस्तूही कायद्याच्या दृष्टीने "चोरीचा माल" असल्यामुळे गहाण ठेवून घेणाऱ्याकडूनही पोलीस पाटल्या जप्त करू शकतात. आईच्या पाटल्या आहेत, तेव्हा उशीर करू नका.

प्रश्न : दुरुस्तीच्या बिलावरून वाद झाला, म्हणून माझी मोटारसायकल मी गॅरेजमधून दुसऱ्या किल्लीने काढून आणली. मेकॅनिक चोरीची तक्रार करणार म्हणतो. स्वतःच्या वस्तूची चोरी होते का?

उत्तर : होऊ शकते. चोरीच्या व्याख्येत प्रश्न मालकीचा नसून कब्जाचा असतो. दुरुस्तीला दिलेले आपलेच घड्याळ जवाहिऱ्याकडून नेणाऱ्याचे उदाहरण खुद्द कायद्यातच दिले आहे. दुरुस्तीचे देणे नसताना त्याने उघडपणे, अगदी बळजबरीने जरी ते नेले, तरी चोरी होत नाही; पण देणे बाकी असून तारण म्हणून अडवलेले घड्याळ ते तारण बुडवण्यासाठी नेले, तर ती चोरी होते. आपल्या बाबतीत बिल खरोखर देणे होते का, यावर बरेच अवलंबून राहील. मान्य असलेली रक्कम आजच भरा, वादातली रक्कम "आक्षेप राखून" असे लिहून द्या, दोन्हींची पावती घ्या आणि आकारणीचे भांडण ग्राहक आयोगापुढे न्या.