बाबांना एकदा लातूरला घेऊन जा

ताई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात दहावीत शिकते. पूर्वपरीक्षेत ७१ टक्के पडले. विज्ञान भाग १ ला ४० पैकी ३४ आणि भाग २ ला १९. चार वर्षांपूर्वी माझी आजी रात्री दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेली, बाबांच्या मांडीवर. तेव्हापासून बाबा म्हणतात, घरात एक तरी डॉक्टर पाहिजे. निकाल लागला की मला लातूरला नीटच्या क्लासला घालणार आहेत. फी, खोली, मेस धरून दोन वर्षांचे तीन लाख होतात. त्यासाठी तीन एकरातलं एक एकर गहाण टाकायचं ठरलंय. मला जीवशास्त्र पाठच होत नाही. मला विजेचं काम आवडतं. चुलतभावाच्या दुकानात बसून मोटार वाइंडिंग शिकले, आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरचा कपॅसिटर मीच बदलला. आई म्हणते, पोरीच्या जातीनं लाईनमनचं काम करायचं का? आणि बाबांपुढे बोलले तर त्यांना वाटेल मी आजीला विसरले. काय करू?

पोरी,

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण गाठ तिथेच बसलीय. टक्के, फी, कॉलेज हे सगळं त्यानंतर.

तुझे बाबा शेजाऱ्याच्या पोराचं बघून डॉक्टर म्हणत नाहीत. स्वतःची आई मांडीवर जाताना त्यांनी पाहिली आणि त्या रात्री त्यांच्या हातात काहीच नव्हतं. चार वर्षं ते त्यांना आतून खातंय. एक एकर गहाण टाकायला निघालेला शेतकरी कुठल्या टोकाला गेला असेल, हे तुला मी सांगायला नको. म्हणून त्यांच्यासमोर तुझं पहिलं वाक्य ‘मला डॉक्टर व्हायचं नाही’ हे असू देऊ नकोस. त्यांना ऐकू येईल ते वेगळंच.

परीक्षा होईपर्यंत हा विषय काढूच नकोस. शेवटचा पेपर झाला की एखाद्या संध्याकाळी ते विहिरीवर जातील तेव्हा सोबत जा. घरात चार माणसांसमोर बाप माणूस मोकळं बोलत नाही, शेतात बोलतो. आधी आजीचं विचार. त्या रात्री नेमकं काय झालं, जीप कुणाची होती, वाटेत कुठे थांबले. तुम्ही दोघं त्यावर एकदाही बोलला नसणार, असा माझा अंदाज आहे. त्यांना सांगू दे. मध्ये बोलू नकोस. त्या दिवशी पुढचं काही निघालं नाही तरी चालेल.

पुढच्या खेपेला मात्र स्पष्ट बोल. ‘बाबा, तुम्ही माझ्यासाठी रान गहाण टाकायला तयार आहात, तेव्हा त्या पैशाचं काय होणार ते आपण दोघांनी नीट बघू या.’ आणि वहीचं एक पान त्यांच्यापुढे ठेव. त्यावर काय लिहायचं ते सांगते.

नीटचा पेपर ७२० गुणांचा. भौतिकशास्त्र १८०, रसायनशास्त्र १८०, आणि जीवशास्त्र ३६०. म्हणजे अर्धा पेपर त्याच विषयाचा, ज्यात तुला ४० पैकी १९ पडले. बाबांना हे बहुधा कुणी सांगितलेलं नाही. क्लासवाले सांगत नाहीत. ते भिंतीवर नंबर लागलेल्यांचे फोटो दाखवतात, न लागलेल्यांची यादी कुठेच टांगलेली नसते. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी फीच्या जागा जवळपास अर्ध्या. जी मुलगी पेशी, ऊतक, वर्गीकरण वाचताना तहानभूक विसरते, तिनं या गर्दीत जरूर उतरावं. लातूरनं अशी कितीतरी खेड्यातली मुलं डॉक्टर केली आहेत, त्या गावाबद्दल मला आदरच आहे. पण तुला उतरवायला जमीन गहाण पडणार असेल, तर माझं मत सरळ आहे: टाकू नये.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाला असंच शहरात ठेवलं होतं. कॉलेजात नाव, शिकायचं क्लासमध्ये. वडिलांनी दोन म्हशी विकल्या. दुसऱ्या प्रयत्नानंतर तो घरी आला आणि तीन महिने कुणाशी बोलला नाही, जेवायलाही सगळे उठल्यावर बसायचा. त्याला अभ्यासाचं दुःख कमी होतं. रिकामा गोठा त्याला रोज दिसायचा. तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्या आवडीचं. भाग १ मधला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा तुला आवडला असणार, पैजेवर सांगते. पुस्तकातली मोटार आणि तुझ्या चुलतभावाच्या टेबलावर उघडून ठेवलेली मोटार एकच आहे, हे ज्या मुलीला दहावीतच हातानं कळलंय, तिच्यासाठी रस्ता तयार आहे. त्याचं नाव पॉलिटेक्निक, म्हणजे तंत्रनिकेतन. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. प्रवेशपरीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. किमान ३५ टक्के लागतात, पण सरकारी तंत्रनिकेतनात चांगली शाखा हवी तर चुरस असते, तेव्हा तुझे ७१ चे ७५ झाले तर हवेच आहेत. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात.

आणि बाबांना लातूरच हवंय ना? मग लातूरलाच घेऊन जा त्यांना. तिथे पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि मुलींचं वेगळं शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनही आहे. ज्या गावात मुलगी ठेवायला बाबांचं मन तयार झालंय, त्याच गावात सरकारी जागा आहे, वसतिगृहाची सोय आहे. कुठे कोणती शाखा आहे, इलेक्ट्रिकलच्या किती जागा आहेत, हे तिथल्या सुविधा केंद्रात, म्हणजे प्रवेशाची माहिती देतात तिथे, विचारा. शक्यतो कॉलेज चालू असेल अशा दिवशी जा आणि वर्कशॉप बघायला मागा. बाबांनी एकदा तिथल्या मुली मशीनवर उभ्या राहिलेल्या पाहिल्या, की माझ्या या पत्राचं काम उरणार नाही.

डिप्लोमा म्हणजे शिक्षण संपलं असं बाबांना वाटू शकतं, गावात तसं बोलतात. त्यांना सांग, डिप्लोमा झाला की त्याच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. किंवा तिथेच थांबून नोकरी धरता येते. महावितरणमध्येही डिप्लोमावाल्यांची भरती होते. तेव्हा आईला सांग, ज्या लाईनमनची तिला काळजी वाटते त्याच्या कामावर देखरेख करणारी साहेबीण तू होऊ शकतेस. आणि खरं सांगायचं तर लाईनमनचं कामही कमी नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड करून महावितरणमध्ये लागलेल्या बाया आज आहेत, मीटरपासून खांबापर्यंत कामं करतात. दोन वर्षांचा आयटीआय केलास तरी पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण तुला भाग १ मध्ये ३४ आहेत, गणित बरं असेल तर पहिली पसंती डिप्लोमालाच दे.

खर्चाचं पान सगळ्यात मोठ्या अक्षरात लिही, कारण बाबा तेच पान पुन्हा पुन्हा वाचतील. सरकारी तंत्रनिकेतनाची फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. शिवाय जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढलाय: घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश यादीतून, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आहेत. तू कोणत्या प्रवर्गातली ते लिहिलं नाहीस, म्हणून तुला नेमकं काय लागू होतं ते सुविधा केंद्रातच पक्कं करून घे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. त्यासाठी तुझ्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं आत्ताच काढून ठेव.

दाखल्यांचं काम बाबांवर सोपव, आणि तेही लगेच. उत्पन्नाचा, रहिवासाचा, लागू असेल तर जातीचा, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस. निकालानंतर सेतूत अशी रांग लागते की तारखा निघून जातात. हुशार पोरीची जागा एका दाखल्यापायी गेलेली मी पाहिली आहे, ते फार लागतं मनाला. नॉन-क्रिमिलेअर काढाल तर त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा. हे दाखले अकरावीलाही लागतात, त्यामुळे बाबांना आत्ता कारण सांगायचीही गरज नाही.

आणि समज, बाबा नाहीच ऐकले. मग भांडू नकोस, पण एक गोष्ट सोडू नकोस: जमीन गहाण पडता कामा नये. तालुक्याच्या कॉलेजात साधी अकरावी सायन्स घे, गणित ठेव. बारावी सायन्सनंतरही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, एमएचटी-सीईटी देऊन पदवीलाही जाता येतं. म्हणजे उशीर झाला तर जेमतेम एका वर्षाचा. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म आणि तंत्रनिकेतनाचा फॉर्म दोन्ही भरता येतात, दोन्ही भर. फक्त टीसी एका ठिकाणी जमा करण्याआधी दोनदा विचार कर, परत काढायला हेलपाटे पडतात.

एकटीनं हे सगळं पेलणार नाही. तुमच्या शाळेत गणित-विज्ञानाचे जे सर किंवा बाई असतील, त्यांना तुझे पेपर दाखव आणि एकदा घरी चहाला बोलव. मास्तरांनी सांगितलेलं गावात अजून ऐकलं जातं. चुलतभावालाही सांग, पण त्यानं तुझी बाजू भांडून मांडू नये. तू काय काय दुरुस्त केलंस एवढंच त्यानं बाबांना सांगावं.

एक गोष्ट रागावून सांगते. स्टार्टर उघडताना मेन बंद केलास का, ते तू लिहिलं नाहीस. कपॅसिटरमध्ये मेन बंद केल्यावरही चार्ज साठून राहतो, चुलतभावानं तो आधी उतरवायला शिकवलं नसेल तर पहिलं ते शीक. पाय ओले असताना हात लावायचा नाही. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडाला तर गावातली पोरं काठी घेऊन धावतात, त्यांच्यात तू जायचं नाही. ते वायरमनचं काम आहे आणि त्यात दरवर्षी माणसं जातात.

आता राहिलं भाग २. नीटला जायचं नाही म्हणून ते पुस्तक कोपऱ्यात टाकशील, ही मला भीती आहे. तंत्रनिकेतनाची यादी दहावीच्या एकूण गुणांवर लागते आणि त्यात जीवशास्त्राचे गुणही धरलेले असतात. ई-बालभारतीवर पुस्तक फुकट आहे, फोनवर उतरवून घे. तुला पाठ होत नाही ना, मग पाठ करू नकोस, आकृत्या काढ. ज्या हाताला वाइंडिंगची आकृती काढता येते त्याला पेशीविभाजनाची का येणार नाही? रोज दोन आकृत्या, नावांसकट, वहीत. १९ चे २७ झाले की मला कळव.

तुझी ताई