पॉइंट गार्ड म्हणून अमेरिकेत यायचं असेल तर

तू लिहिलंयस की नागपूरला बारावीत आहेस, राज्याच्या ज्युनियर संघात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन संघाचा डाव मांडणारा खेळाडू, म्हणून खेळतोस, उंची 5 फूट 10 इंच. अमेरिकेत स्कॉलरशिपवर कॉलेज बास्केटबॉल खेळता येईल का आणि सुरुवात कुठून करायची, हे तुला हवंय. मी पुण्याहून अशीच आले. आधी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात खेळले, मग डिव्हिजन टूच्या, म्हणजे कॉलेज खेळाच्या तीन स्तरांपैकी मधल्या स्तराच्या, विद्यापीठात. आता इथेच नोकरी करते.

येता येईल. पण कॉलेज निवडताना एकच प्रश्न धरून बस: पहिल्याच हंगामात माझ्या हातात बॉल किती मिनिटं असेल? पॉइंट गार्ड बेंचवर बसून घडत नाही.

स्टीव्ह नॅश कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा. 1992 साली त्याला स्कॉलरशिप देणारं एकच विद्यापीठ निघालं, कॅलिफोर्नियातलं सांता क्लारा. तिथे पहिल्याच वर्षी त्याच्या 15व्या मानांकनाच्या संघाने दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला 64-61 हरवलं, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात नॅशने लागोपाठ सहा फ्री थ्रो टाकले. पुढे तो दोनदा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा सेंट मेरीजसारख्या लहान कॉलेजात चार वर्षं खेळला. एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कोणी निवडलं नाही, तरी 2016 साली क्लीव्हलंडच्या विजेत्या संघात तो होता. दोघांनाही कॉलेजात भरपूर खेळायला मिळालं, हे महत्त्वाचं.

आता अडचणीची बाजू. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) आल्यापासून खेळाडू सहज कॉलेज बदलतात. त्यामुळे अठरा वर्षांच्या परदेशी मुलावर वेळ घालवण्यापेक्षा कोचला दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन हंगाम खेळलेला गार्ड आयता मिळतो. बाकी जागांवर कोच उंची बघून थोडी जोखीम घेतील, पॉइंट गार्डवर सहसा नाही. म्हणून कम्युनिटी कॉलेजला कमी लेखू नकोस. तिथेही पूर्ण स्कॉलरशिप मिळू शकते, आणि अमेरिकन खेळातले तुझे व्हिडिओ तयार होतात. डिव्हिजन थ्रीमध्ये मात्र खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच.

आपल्याकडे 24 सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्यात बास्केटकडे बॉल टाकायचा) आणि 8 सेकंदांत अर्धरेषा ओलांडायची. इथे 30 आणि 10. ही जास्तीची सेकंदं कोचची असतात. बेंचवरून हाताची खूण येते, ती तू वाचायची, गोंगाटात चौघांपर्यंत पोचवायची, तेवढ्यात समोरचा गार्ड छातीला छाती लावून उभा असतो. मग स्क्रीन येते, म्हणजे तुझा सहकारी त्या गार्डची वाट अडवून उभा राहतो, आणि प्रतिस्पर्ध्यांचा मोठा खेळाडू मागे थांबलाय की पुढे झेपावलाय हे एका ड्रिबलमध्ये ओळखायचं. म्हणून कोचला हायलाइट्सबरोबर दोन-तीन पूर्ण सामने पाठव. दबावाखाली डावा हात कसा चालतो आणि बॉल गमावल्यावर पुढच्या वेळी काय करतोस, हे त्यांना बघायचं असतं.

कागदपत्रं आजच काढायला घे. कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या, खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या, इलिजिबिलिटी सेंटरला नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका लागतात. डिव्हिजन वनसाठी 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (4 पैकी सरासरी गुणांक). एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने 2023 मध्ये काढली, पण एखादं विद्यापीठ ती मागू शकतं. बारावीनंतर घरी राहून वर्षानुवर्षं स्पर्धा खेळत बसलास तर कॉलेजचे हंगाम कापले जाऊ शकतात, म्हणून फार रेंगाळू नकोस. नियम सध्या सारखे बदलतायत, अर्ज करताना सेंटरच्या साइटवर पुन्हा बघ. आणि स्कॉलरशिपच्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठव. तसा व्यवहार एनसीएएच्या नियमात बसत नाही, अपात्र ठरशील तू.

पैशांचं आईबाबांनाही वाचून दाखव. स्कॉलरशिपमधल्या राहण्या-जेवणाच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याला कर लागतो आणि सहसा 14 टक्के आधीच कापले जातात. कॉलेजच्या शिक्षण फीवर तो लागत नाही. 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, पण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर ते काम व्हिसाच घालवू शकतं. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

हंगामात सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे. बसचा प्रवास आणि फिजिओ त्यात धरत नाहीत, त्यामुळे अभ्यास बसमध्येच होतो. विषय निवडताना पदवीनंतर काय करायचंय ते आधी बघ, कारण बहुतेकांचा स्पर्धात्मक खेळ पदवीबरोबर संपतो. युरोपातल्या छोट्या लीगमध्ये जागा मिळते, पण पगार बेताचा.

कोचशी बोलताना हे नक्की विचार: पुढच्या वर्षी तुमचे किती गार्ड पदवी घेऊन जातायत? स्कॉलरशिप एका वर्षाची की जास्त? गुडघा गेला तर ती राहते का? उत्तरं ईमेलवर लेखी माग.

सामन्यांचे व्हिडिओ आणि गुणपत्रिका जमल्या की मला पाठव. पहिलं पत्र कोणत्या कोचना लिहायचं ते मिळून ठरवू.