इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा दरडप्रवणता नकाशा: एएचपी की मशीन लर्निंग?

तुम्हाला या दोन तालुक्यांचा, दरड कुठून सुटू शकते हे दाखवणारा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा आहे आणि पद्धत कोणती घ्यावी हे विचारलं आहे: एएचपी (तज्ज्ञाच्या अंदाजाने कारणांना वजन देणं) की मशीन लर्निंग (जुन्या दरडींवरून संगणकाने शिकणं). पद्धत शेवटी ठरवा. आधी जुन्या दरडींची नोंद करा, कारण नकाशाचं बरंवाईट तिथेच ठरतं.

गूगल अर्थवरची ऑक्टोबर-नोव्हेंबरची जुनी चित्रं उघडा. ढग गेलेले असतात आणि हिरव्या डोंगरावर ताजा ओरखडा तांबडा उठून दिसतो. एप्रिलमध्ये सगळा डोंगरच पिवळा, काही कळत नाही. खाणी, रस्त्याची कापणी आणि नांगरलेली वरकस जमीन वगळा. बहुभुज आखताना माल जिथून सुटला तेवढाच वरचा भाग घ्या. खाली पसरलेला राडाही धरलात तर ५-१० अंशांचे उतारसुद्धा धोक्याचे ठरतात. कड्यावरून सुटणारे दगड (सप्तशृंग गडावर जाळ्या लावल्यात त्या प्रकारचे) आणि ३० जुलै २०१४ ला माळीणवर आली तशी मातीची दरड यांचे नकाशे वेगळे करा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, एकत्र केलं की गुणांक एकमेकांना खोडतात.

उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा डेटा पुरतो. अलोस पालसार या जपानी उपग्रहाच्या नावाने मिळणारा १२.५ मीटरचा थर (नकाशातला माहितीचा एक पदर) बारीक वाटतो, पण आपल्याकडे तो मुळात ३० मीटरच्या एसआरटीएम या नासाच्या उंचीच्या डेटावरूनच ताणलेला असतो. उतार काढण्याआधी थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत आणा. अंशांमध्येच ठेवलात तर जवळपास सगळा तालुका ८५-९० अंशांचा उभा कडा निघतो.

खरी अडचण खडकाचा प्रकार दाखवणाऱ्या थराची. भूशास्त्रीय नकाशात इथे सगळीकडे बेसाल्टच, मग त्या थरातून वेगळं काय निघणार? फरक पडतो तो दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातकट पट्ट्याने, म्हणजे रेड बोलने. वरच्या भेगाळ कातळातून झिरपलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं आणि उताराला उपळ फुटतात. कड्याच्या पायथ्याला साचलेला मातीदगडांचा ढीग त्या पाण्याने भिजला की सुटतो. घाटाच्या कापणीत किंवा ओढ्यात हा पट्टा कुठे दिसतो ते पाहून त्याची उंची नोंदवा. लाव्हाथर जवळपास आडवे असल्याने त्या उंचीची समोच्च रेषा डोंगरभर फिरवता येते. मग दोन-तीन ठिकाणी जाऊन ताडून पाहा. या रेषेपासूनचं अंतर हा तुमच्या नकाशातला सगळ्यात उपयोगी थर ठरू शकतो.

वार्षिक पावसाचा थर मात्र घालू नका. इगतपुरीत ३००० मिमीच्या पुढे पडतो, पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो. नकाशाची पश्चिम बाजू नुसती लाल होते. पाऊस हे निमित्त आहे, तो पुढे, दरड कधी आणि किती वेळा पडेल हे सांगणाऱ्या धोक्याच्या नकाशात घ्यावा.

आता पद्धत. पन्नासेक ओरखडेही मिळाले नाहीत तर रँडम फॉरेस्टसारख्या मशीन लर्निंगच्या नादी लागू नका; आयएस १४४९६ (भाग २, १९९८) या भारतीय मानकातली, एएचपीसारखीच तज्ज्ञांनी ठरवलेली गुणपद्धत घ्या. तिच्यात खडक, संरचना, उतार आणि भूवापर यांना कमाल २-२, सापेक्ष उंची आणि भूजल यांना १-१, असे एकूण १० गुण. ६ च्या वर उच्च, ७.५ च्या वर अतिउच्च. नोंदी पुरेशा असतील तर वारंवारता गुणोत्तर, म्हणजे एखाद्या वर्गातला दरडींचा वाटा भागिले त्या वर्गाचा क्षेत्रातला वाटा. समजा २६-३५ अंशांचा उतार एकूण क्षेत्राच्या ८ टक्के आहे आणि दरडींचे ३० टक्के पिक्सेल त्यात आहेत: ३० भागिले ८, म्हणजे ३.७५. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम १.३२, हे त्या वर्गाचं वजन. सगळ्या थरांची वजनं बेरजेला घ्या. वर्गात एकही दरड नसेल तर शून्याचा लॉग निघत नाही, तो वर्ग शेजारच्यात मिसळा. मातीच्या दरडींसाठी ५० अंशांच्या वर वजन उतरलं तर घाबरू नका, तिथे सुटायला मातीच टिकत नाही.

तपासणीसाठी ७०:३० विभागणी (७० टक्के नोंदी नकाशा करायला, ३० टक्के तो पडताळायला) करताना अख्खे ओरखडे वाटा. पिक्सेल वाटलेत तर एकाच दरडीचे तुकडे दोन्हीकडे जातात आणि एयूसी हा अचूकतेचा आकडा फुगतो. दारणा-वैतरणेचं पाणी आणि सपाट भातखाचरंही आधी वगळा, तिथे दरड पडणार नाही हे कुणीही सांगेल.

आणि हा नकाशा दरड कुठून सुटेल एवढंच दाखवतो. पायथ्याची वाडी हिरव्या रंगात असली तरी वर नकाशात लाल दाखवलेल्या धोक्याच्या भागातून उतरणारा ओढा तिच्याकडे येतो का, हे प्रत्येक वाडीसाठी वेगळं पाहावं लागतं.