‘सर, डिफ्यूज करू का?’

‘आवळलं तर पोरं सोडून जातात, सैल सोडलं तर उनाडतात. करू तरी काय, मॅडम?’ हा प्रश्न पूर्वी क्रिकेट-कबड्डीचे कोच विचारायचे, आता ई-स्पोर्ट्सवालेही, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचे कोचही, विचारतात. नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत परवा आलेला कोच तर स्वतःच जेमतेम पंचविशीचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) व्हॅलोरंट या पाच-पाच जणांच्या नेमबाजीच्या ऑनलाइन गेमची पाच कॉलेजकुमारांची टीम. रोज रात्री स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या टीमशी सराव सामना, मग रेकॉर्डिंग लावून चुकांची उजळणी. आणि सगळ्यांत तयारीचा पोरगा टीम सोडायला निघालेला.

मी कोचला हरलेल्या एका सामन्याचं रेकॉर्डिंग आणायला सांगितलं, पोरांच्या बोलण्यासकट. खेळातलं मला बेताचंच कळतं, पण ऐकणं हा माझा धंदाच आहे. स्पाइक, म्हणजे खेळातला बॉम्ब, लागला की फुटायला ४५ सेकंद, निकामी म्हणजे डिफ्यूज करायला ७. यांचा एकच गडी जिवंत. तो विचारतो, ‘डिफ्यूज करू का?’ चौघंही गप्प. ‘अरे, करू का बे?’ तेवढ्यात स्पाइक फुटतो.

सरावात याचं उत्तर कोच द्यायचा. स्पर्धेत राउंड चालू असताना त्याला बोलता येत नाही. काय सांगायचं ते टाइम-आउटमध्ये. काउंटर-स्ट्राइक या अशाच दुसऱ्या गेममध्ये कोच सहावा खेळाडूच होऊन बसले, म्हणून तो बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीनं २०१६ मध्ये तिथंही असाच लगाम घातला. थोडक्यात, कोचशिवाय ठरवायचं असतं नेमकं तेच या पोरांनी कधी केलेलं नव्हतं.

टीम सोडायला निघालेल्या पोराला मी वेगळं भेटले. वेळ, झोप, मोबाइल, कशाबद्दलच त्याची तक्रार नव्हती. ‘सर माझीच क्लिप सगळ्यांसमोर घडीघडी लावून राहिले ना जी.’

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी स्वायत्ततेवर बरंच काम केलंय. त्यातलं मला इथं उपयोगी वाटलं ते एवढंच, की नियम असले म्हणून माणूस गुदमरत नाही. कारण न सांगता लादले की गुदमरतो. म्हणून वेळेचे नियम आम्ही सैल केलेच नाहीत. फक्त ते पोरांनी बसून लिहिले, उशिराची शिक्षासुद्धा त्यांनीच ठरवली. राउंड चालू असताना सरावातही कोचचा माइक बंद, शब्द चालेल तो आयजीएलचा, म्हणजे खेळताना डावपेच ठरवणाऱ्या टीममधल्याच म्होरक्याचा. उजळणीत आधी खेळाडू सांगेल त्याला तेव्हा काय दिसत होतं, मग कोच बोलेल. कोणाची क्लिप दोनदा लावायची असेल तर एकट्यात.

माइक बंद ठेवणं कोचला भारी गेलं. सुरुवातीला टीम सपाटून हरली आणि त्याचा रात्री फोन, ‘मॅडम, हे तर वाटोळं होऊन राहिलं.’ मी म्हटलं, सरावातच होतंय ना, होऊ द्या.

पोरगा टीममध्ये राहिला. पुढच्याच महिन्यात उशिरा आला आणि एक सामना बाहेर बसला. कुरकुरला, पण बसला. नियमाखाली त्याचीही सही होती. त्याच्या आईला बी.कॉम.च्या राहिलेल्या विषयांची काळजी आहे, त्यासाठी त्या दोघांना पुढच्या आठवड्यात बोलावलंय.